एनएसई ५२ आला, म्हणजे काका उठणारच नाहीत का?

प्रश्न थोडक्यात असा: काका ५६ वर्षांचे. सोमवारी सकाळी घरातच कोसळले. शेजाऱ्यांनी लगेच छाती दाबायला सुरुवात केली, ॲम्ब्युलन्स आल्यावर शॉक दिला आणि हृदय सुरू झालं. मध्ये अंदाजे १५ मिनिटं गेली. आज बुधवार, काका व्हेंटिलेटरवर आहेत, डोळे उघडत नाहीत. लॅक्टेट पहिल्या दिवशी ९ होतं, आता २ आहे. आज सकाळी एनएसई नावाच्या तपासणीसाठी रक्त घेतलं, संध्याकाळी रिपोर्ट आला: ५२. वर 'ट्यूमर मार्कर' असं छापलंय. नेटवर वाचलं की ३३च्या वर गेला की पेशंट शुद्धीवर येत नाही. काकूला काय सांगू? आणि आम्ही किती दिवस वाट बघायची?

आधी दोन गोष्टी पटकन सांगतो, म्हणजे आज रात्री तुम्हाला जरा झोप लागेल. या रिपोर्टवरून काकांना कॅन्सर आहे असा अर्थ निघत नाही. आणि ५२ या एकट्या आकड्यावरून काका उठणार नाहीत असं कोणी म्हणू शकत नाही. उठतील असंही म्हणता येत नाही. आकडा बरोबर मधल्या पट्ट्यात पडलाय, आणि मधल्या पट्ट्यातल्या आकड्याबरोबर घाई करायची नसते.

आता सविस्तर.

एनएसई म्हणजे न्यूरॉन स्पेसिफिक एनोलेज. साखरेपासून ऊर्जा काढायच्या साखळीतलं हे एक एन्झाइम. मेंदूच्या पेशींमध्ये ते भरपूर असतं, रक्तात मात्र एरवी अगदी थोडं. पेशी फुटली की ते बाहेर सांडतं आणि रक्तात येतं. फुप्फुसाच्या स्मॉल सेल कॅन्सरमध्ये आणि अशाच काही गाठींमध्येही ते वाढतं, म्हणून लॅबच्या यादीत त्याची नोंद ट्यूमर मार्करखाली आहे. रिपोर्टचा छापील नमुना एकच. पेशंट आयसीयूतला आहे की कॅन्सरच्या ओपीडीतला, हे त्या नमुन्याला ठाऊक नसतं. दर काही महिन्यांनी एखादा नातेवाईक रिपोर्ट घेऊन घाबराघुबरा होत येतो, "डॉक्टर, हे आता नवीनच काय निघालं?" आपण रिपोर्ट हातात देण्याआधी दोन वाक्यं बोलायला हवी होती, हे मला दर वेळी तेव्हाच आठवतं.

हृदय बंद पडलं की साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते. चार-पाच मिनिटांनंतर मेंदूच्या पेशी मरायला लागतात. शेजाऱ्यांनी छाती दाबली त्यामुळे मेंदूला थोडाफार रक्तपुरवठा चालू राहिला. म्हणून ती १५ मिनिटं रक्तपुरवठा पूर्ण बंद असलेल्या १५ मिनिटांइतकी वाईट नाहीत. पण इजा तिथेच थांबत नाही. हृदय सुरू झाल्यानंतरही दोन-तीन दिवस पेशी टप्प्याटप्प्याने मरत राहतात. म्हणून पहिल्या दिवशी रक्तात काय दिसतं यापेक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या दिवशी काय दिसतं, याला जास्त वजन आहे.

तुम्ही वाचलेला ३३ हा आकडा खोटा नाही, जुना आहे. २००६ साली नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. हृदय बंद पडून परत सुरू झालेल्या, पण बेशुद्ध राहिलेल्या पेशंटचं रक्त त्यांनी तपासलं. १३८ जणांचा एनएसई पहिल्या तीन दिवसांत कधी ना कधी ३३च्या वर गेला होता आणि त्यातला एकही जण नीट सावरला नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेंदूतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शक सूचनांत ३३ची रेघ घेतली. तिथून ती पाठ्यपुस्तकांत, पाठ्यपुस्तकांतून नेटवर गेली, आणि अजून फिरतेय.

दोन अडचणी होत्या. पहिली साधी हिशोबाची. १३८पैकी शून्य म्हणजे कायमचं शून्य नव्हे. अशा वेळी एक ढोबळ नियम वापरतात: ३ला एकूण संख्येने भागायचं. ३ भागिले १३८, म्हणजे २ टक्क्यांच्या जरा वर. शंभरात दोन जण चुकीच्या बाजूला पडण्याची शक्यता त्या अभ्यासातही शिल्लक होतीच. दुसरी अडचण पुढे आली. पेशंटचं अंग थंड ठेवायचे उपचार रूढ झाले आणि मग एनएसई ३३च्या वर असूनही चालत घरी गेलेले पेशंट दिसू लागले, एखाद-दुसरा नव्हे. वेगवेगळ्या अभ्यासांनी 'या आकड्यापुढे कोणीच सावरत नाही' म्हणून ४८ तासांसाठी ज्या रेघा मारल्या, त्या तिशीपासून थेट १२०पर्यंत पसरलेल्या आहेत. एवढी सरकणारी रेघ असली की ती रेघ म्हणून फारशी कामाची राहत नाही.

सगळ्यात उपयोगी माहिती मिळाली ती युरोप आणि ऑस्ट्रेलियातल्या एका मोठ्या चाचणीतून. २०१३ साली तिचे निष्कर्ष आले. अंगाचं तापमान ३३ अंश ठेवावं की ३६, हा तिचा मूळ प्रश्न होता. ९३९ पेशंट होते आणि दोन्ही गटांत फरक पडला नाही. पण त्यांनी रक्ताचे नमुने गोठवून ठेवले होते. ते नंतर एकाच लॅबमध्ये तपासले. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे आकडे माहीतच नव्हते. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, त्याच्याकडे पुढे परत येतो. ६८६ जणांचे एनएसईचे आकडे २०१५ साली प्रसिद्ध झाले. जे सावरले त्यांचा मधला आकडा २४ तासांना १८, ४८ तासांना १५, ७२ तासांना १२. जे सावरले नाहीत त्यांचा ३५, मग ६१, मग ५४.

हे सहा आकडे शेजारी शेजारी ठेवून बघा. सावरणाऱ्यांचा आकडा रोज खाली येतो. न सावरणाऱ्यांचा पहिल्याकडून दुसऱ्या दिवसाकडे जवळजवळ पावणेदोनपट होतो. म्हणजे आकडा किती आहे याच्याइतकंच तो कुठल्या दिशेने चाललाय हे बघायचं. काकांचा ५२ हा ४८ तासांचा आहे. २४ तासांना काढला होता का? नसेल तर उद्या सकाळी, ७२ तासांना, परत काढायला सांगा. एनएसई रक्तात निम्मा व्हायला साधारण २४ ते ३० तास घेतो. आतली गळती थांबली असेल तर उद्या ५२चा २६ ते ३०च्या आसपास यायला हवा. ४५ आला तर थोडी गळती अजून चालू आहे. ७५ आला तर चिंता वाढली. हे मी तुमच्याकडून गणित करून घेत नाहीये. डॉक्टर उद्या काय बघणार आहेत ते तुम्हाला आधी कळलेलं बरं.

आणि तास मोजायचे ते हृदय परत सुरू झाल्यापासून. ॲडमिट केल्याच्या वेळेपासून नाही, लॅबमध्ये बारकोड चिकटला तेव्हापासूनही नाही. आधी एका लहान हॉस्पिटलात नेलं, तिथून मोठ्या ठिकाणी हलवलं, असं असलं की कागदांवर हमखास घोळ होतो. 'दुसऱ्या दिवसाचा' म्हणून आलेला आकडा प्रत्यक्षात २८ तासांचाही असू शकतो.

आता ज्या गोष्टीने मला स्वतःला एकदा फसवलं, ती.

एनएसई मेंदूच्या पेशींत असतं तसंच रक्तातल्या लाल पेशींतही असतं आणि प्लेटलेटमध्येही. ट्यूबमध्ये लाल पेशी फुटल्या की त्यातलं एनएसई सीरममध्ये, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणाऱ्या पातळ भागात, मिसळतं आणि मशीन ते सगळं मोजतं. ते मेंदूतून आलं की ट्यूबमधून, हे मशीनला कळत नाही. काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, मी तेव्हा एका शहरातल्या खाजगी आयसीयूत होतो. चाळिशीतल्या एका बाईंचा ४८ तासांचा एनएसई आला ९६. सकाळचा राउंड, रिपोर्ट मोबाइलवर, आणि बाहेर त्यांचे यजमान आणि भाऊ उभे. मी त्यांना आत बोलावून बसवलंसुद्धा. कसं सांगायचं याची वाक्यं डोक्यात जुळवत होतो. तेवढ्यात आमची सिस्टर म्हणाली, "सर, रात्री तोंडातली नळी साफ करताना त्यांनी हात वर आणला होता, माझा हात ढकलल्यासारखा."

९६ आणि हात ढकलणं, हे जमत नाही. मी लॅबला फोन लावला. तिथल्या टेक्निशियनने ट्यूब फ्रीजमधून काढून बघितली आणि म्हणाला, "सर, गुलाबी आहे." चांगलं सीरम लिंबाच्या सरबतासारखं फिकट पिवळं असतं. हे पातळ केलेल्या कोकम सरबतासारखं होतं. रात्री बारीक सुईने, जोर लावून सिरिंजमध्ये रक्त ओढलं होतं, शिरा मिळत नव्हत्या म्हणून. मग ती ट्यूब तशीच चार तास पडून होती. रिपोर्टच्या तळाला बारीक अक्षरात 'नमुना हिमोलाइज्ड', म्हणजे लाल पेशी फुटलेला, असं लिहिलेलंही होतं. ते मी वाचलं नव्हतं. दुपारी नीट नमुना घेतला, अर्ध्या तासात सीरम वेगळं केलं. आकडा आला ३४. त्या बाई सहाव्या दिवशी डोळे उघडून बघू लागल्या. यजमानांना मी सकाळी काय सांगणार होतो, ते त्यांना कधीच कळलं नाही. मला मात्र अजून ती खुर्ची आठवते.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना एवढं जरूर विचारा की नमुना हिमोलाइज्ड होता का आणि सीरम किती वेळात वेगळं केलं. आपल्याकडे जिल्ह्याच्या गावातून नमुना बऱ्याचदा मुंबई-पुण्याच्या मोठ्या लॅबला जातो. सीरम वेगळं करून, थंड पेटीतून गेलं तर हरकत नाही. न वेगळं केलेलं रक्त गाडीत हिंदकळत गेलं तर त्या आकड्याला काडीची किंमत नाही. उद्याचा नमुना त्याच लॅबला, त्याच मशीनवर जाऊ द्या. निरनिराळ्या कंपन्यांच्या किटवर एकाच रक्ताचे आकडे वेगळे येतात, आणि मग चढ की उतार हे कळायचं कसं?

एक चकवा अजून आहे. लाल पेशी ट्यूबमध्ये न फुटता शरीरातच फुटल्या असतील, म्हणजे एकमो (रक्त बाहेर काढून, प्राणवायू मिसळून परत देणारं मशीन) किंवा हृदयाला आधार देणारा बलून पंप चालू असेल, खूप वेळ सीपीआर, म्हणजे छाती दाबणं, चाललं असेल किंवा बरंच रक्त चढवलं असेल, तर सुटलेलं हिमोग्लोबिन काही तासांत साफ होतं, पण त्याच पेशींतलं एनएसई दिवसभर मागे रेंगाळतं. नमुना स्वच्छ पिवळा दिसतो आणि आकडा तरी फुगलेला. तुमच्या प्रश्नात यातलं काही नाही, पण असेल तर डॉक्टरांना आठवण करून द्या. आयसीयूत आठवण करून दिलेली कोणाला टोचत नाही. टोचली तरी द्या.

लॅक्टेटचं, म्हणजे प्राणवायू कमी पडला की रक्तात साचणाऱ्या आम्लाचं, वेगळं आहे. ९वरून २वर आलं ही चांगलीच बातमी आहे, पण ती दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते. सगळ्या अंगाला रक्त पुरत नव्हतं तेव्हा लॅक्टेट साचलं. हृदय, रक्तदाब, लिव्हर कामाला लागले तेव्हा उतरलं. म्हणजे काकांचं रक्ताभिसरण सावरलंय. मेंदूबद्दल ते जवळजवळ मुकं आहे. 'जगतील का' आणि 'शुद्धीवर येतील का' हे दोन प्रश्न नातेवाइकांच्या मनात एकच असतात, आमच्या कागदांवर वेगळे. पहिल्या दोन दिवसांतले मृत्यू बहुधा रक्तदाब न टिकल्यामुळे होतात. त्यानंतरचे बहुतेक मेंदूच्या इजेमुळे. काकांनी पहिला टप्पा ओलांडलाय असं तुमच्या माहितीवरून दिसतं.

ट्रोपोनिनचा, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या प्रथिनाचा, रिपोर्टही तुमच्या फाइलमध्ये असेल, आकडा भयानक मोठा असेल. सीपीआर आणि शॉकनंतर तो वाढतोच. हृदयविकाराचा झटका आला होता का, हे बघायला ईसीजी आणि अँजिओग्राफीसोबत त्याचा उपयोग. काका उठतील का, याच्याशी त्याचा संबंध नाही. एस१०० बी नावाचं एक प्रथिन कुठे वाचलं असेल, तर तेही बाजूला ठेवा. ते चरबी, स्नायू आणि कूर्चेतूनही येतं. छाती दाबताना हे सगळं रगडलं जातं, आकडा वाढतो. त्याच्यावर निर्णय घेऊ नका असाच सध्याचा सल्ला आहे.

खरी आशा आहे ती न्यूरोफिलामेंट लाइटवर. मेंदूतल्या पेशींच्या लांब तंतूंना आतून ताठ ठेवणाऱ्या सांगाड्याचा हा एक तुकडा. लाल पेशींत तो नसतो, त्यामुळे गुलाबी ट्यूबची भानगडच नाही. २०१३च्या त्याच चाचणीतल्या ७१७ पेशंटच्या गोठवलेल्या रक्तात तो मोजला गेला आणि २०१९ साली निकाल आले. किती फरक पडला ते असं समजा: एक सावरलेला आणि एक न सावरलेला असे दोन पेशंट उचलले आणि नुसता आकडा बघून कोण कुठला ते ओळखायचं ठरवलं. ४८ तासांच्या एनएसईवर शंभर जोड्यांपैकी साधारण ८५ बरोबर येतील. न्यूरोफिलामेंटवर ९४-९५, आणि तेही २४ तासांच्या नमुन्यापासूनच. फार मोठी सुधारणा आहे. पण वय वाढलं की तो आपोआप वाढतो, किडनी बिघडली तरी वाढतो, डायबेटिसमुळे पायांच्या नसा खराब झालेल्या असल्या किंवा आधी पक्षाघात होऊन गेला असला तरी वाढतो. ही तपासणी अजून आपल्या बहुतेक आयसीयूंत रोजच्या वापरातली नाही, आणि सगळ्यांनी मान्य केलेला एक आकडाही अजून ठरलेला नाही. तुमच्या हॉस्पिटलात होत नाही म्हणून काकांना कमी उपचार मिळतायत असं मनात आणू नका.

मग निर्णय होतो कसा?

युरोपमधल्या पुनरुज्जीवनाच्या आणि अतिदक्षता उपचारांच्या दोन मोठ्या संस्थांनी २०२१ साली मिळून एक पद्धत घालून दिली. आम्ही इथेही साधारण तीच वापरतो. हृदय सुरू होऊन किमान ७२ तास झालेले हवेत. गुंगीच्या औषधांचा अंमल उतरलेला हवा. मग नखावर पेन दाबून हात काय करतो ते बघायचं. हात टोचणाऱ्या जागेकडे आला किंवा झटकन मागे ओढला गेला, तर ते चांगलं लक्षण, आणि वाईटाची यादी काढायचीच नाही. हात नुसता विचित्र वाकला, ताठ झाला किंवा हललाच नाही, तरच पुढे जायचं. पुढे सहा खुणा आहेत, त्यातल्या किमान दोन एकमेकींशी जुळायला हव्यात. डोळ्यांच्या बाहुल्या आणि बुबुळं दोन्ही प्रतिसाद देत नाहीत. मनगटाच्या नसेला हलका करंट दिला तर मेंदूच्या दोन्ही बाजूंना त्याचा निरोप पोचत नाही. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, सपाट किंवा मध्येच उसळून परत सपाट होणारा. पहिल्या ७२ तासांत अंगभर सतत झटके. सीटी किंवा एमआरआयवर सगळीकडे पसरलेली इजा. आणि ४८ किंवा ७२ तासांना एनएसई ६०च्या वर.

म्हणजे एनएसई सहातली एक खूण आहे, आणि ती रेघही आता ३३ नसून ६० आहे. काकांचा ५२ त्या रेघेखाली आहे. याने हुरळून जाऊ नका; ५२ काही छान आकडा नाही. नॉर्मल १६-१७च्या खाली धरतात, आणि ४८ तासांना तेवढा आला तर आम्ही उलट बाजूने विचार करतो: मेंदूला फारशी इजा नाही, मग हा पेशंट उठत का नाही? तेव्हा गुंगीचं औषध साचलंय का, किडनीने ते बाहेर टाकलं नाही का, आतल्या आत फिट चालू आहे का, हे शोधतो. माझ्या मते एनएसईचा सगळ्यात चांगला उपयोग इथेच आहे. मी तो हात टेकण्यासाठी मागवण्यापेक्षा हात न टेकण्यासाठी जास्त वेळा मागवतो.

गुंगीच्या औषधाचं मुद्दाम सांगतो, कारण नातेवाइकांना ते कोणी सांगत नाही. मिडाझोलम आणि फेंटानिल दोन दिवस चालू असेल, अंग थंड ठेवलं असेल, किडनी मंदावून क्रिएटिनिन वाढलं असेल, तर औषधाचा पंप बंद केल्यावर पेशंट आणखी दोन-दोन, तीन-तीन दिवस झोपून राहतो. 'तिसरा दिवस झाला, उठले नाहीत' याला तेव्हा काही अर्थ नसतो. पंप कधी बंद केला, हा दिवस मोजायचा. डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांत मी हा एनएसईच्याही आधी ठेवेन.

आता मघाशी सोडलेला मुद्दा. समजा डॉक्टरांनी ६५चा आकडा बघितला, आता काही होणार नाही असं ठरवलं, व्हेंटिलेटर काढला आणि पेशंट गेला. नोंद काय होणार? 'एनएसई ६५, पेशंट गेला, तपासणी बरोबर निघाली.' तपासणीने स्वतःच स्वतःला खरं ठरवलं. असे अभ्यास भरपूर आहेत आणि त्यांच्यावर विश्वास ठेवणं अवघड आहे. म्हणून तर डॉक्टरांना आकडा माहीत नसलेल्या त्या चाचणीचं मला मोल वाटतं. ज्या ठिकाणी उपचार लवकर थांबवत नाहीत, तिथे दहाव्या-बाराव्या दिवशी जागे झालेले पेशंटही दिसतात. पुष्कळ नाहीत. पण आहेत.

आपल्याकडे मशीन डॉक्टर क्वचित काढतात. आपल्याकडे बिल काढतं. "घरी घेऊन जातो" अशी सही करून, स्वतःच्या जबाबदारीवर डिस्चार्ज, आणि ॲम्ब्युलन्समध्ये श्वास देणारी पिशवी दाबत पेशंट गावी. हे मी इतक्या वेळा बघितलंय की कोणा घराला दोष द्यायची माझी हिंमत नाही. पण त्या सहीच्या आधी पेशंटची खरी स्थिती काय आहे ते घरच्यांना स्वच्छ कळलेलं हवं, आणि तेवढ्यासाठी दोन-चार दिवस मिळाले तर फार फरक पडतो. खर्चाचं टोक जवळ आलं असेल तर डॉक्टरांना लपवून ठेवू नका, सरळ सांगा. योजनेत बसवणं, सरकारी किंवा ट्रस्टच्या हॉस्पिटलात हलवणं, कुठल्या तपासण्या आता थांबवता येतील ते बघणं, हे सगळं आधी कळलं तर जमतं.

आमच्याकडे अशा बैठकीत कोणीतरी अरुणा शानबाग यांचं नाव काढतंच. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलातल्या त्या परिचारिका. १९७३ साली झालेल्या हल्ल्यात गळा आवळल्यामुळे मेंदूचा प्राणवायू तुटला आणि २०१५ साली जाईपर्यंत त्या त्याच हॉस्पिटलात होत्या. "आमच्या माणसाचं तसं होणार का?" ही भीती खरी आहे, तिची थट्टा करू नये. तशी वेळ आलीच तर कायद्याचा रस्ता आहे: २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मोकळा केला आणि २०२३ साली सोपा केला. डॉक्टरांची दोन मंडळं तपासून मत देतात, घरच्यांची संमती लागते, आणि शक्यतो ४८ तासांत मत द्यावं असं सांगितलंय. आत्ता, तिसऱ्या दिवशी, ५२ आकडा असताना, तुमच्या घरात हा विषय काढायची गरज नाही.

किती दिवस थांबायचं, याचं माझं उत्तर असं. उद्या ७२ तासांचा एनएसई, त्याच लॅबमध्ये, स्वच्छ नमुना. गुंगी बंद झाली नसेल तर ती बंद करता येईल का, ही चर्चा. ईईजी झाला नसेल तर उद्या किंवा परवा. आकडा उतरला, ईईजीत आवाज दिल्यावर किंवा चिमटा काढल्यावर बदल दिसला, हात मागे ओढला गेला, यातलं काही असेल तर निदान आठवडा-दहा दिवस मुळीच हलू नका, श्वासनलिकेला छेद द्यायला सांगितलं तरी त्याने घाबरू नका. सगळं उलट्या दिशेने गेलं, म्हणजे आकडा चढला, ईईजी सपाट, बाहुल्या हलत नाहीत, तर डॉक्टर स्वतःच तुम्हाला बसवून बोलतील, आणि तेव्हा त्यांचं ऐका. काही चढलं, काही उतरलं, मेळ लागत नाही, असं झालं तर परत दोन-तीन दिवस थांबून परत बघायचं. यातलं हेच जास्त वेळा होतं.

काकूंना ५२ सांगू नका. त्यांना आकड्याचं काय करायचंय? हृदय आता नीट चाललंय, मेंदूला मार बसलाय, किती बसलाय ते अजून दोन-तीन दिवसांनी कळेल, इतकं सांगा. त्यात खोटं काही नाही. त्या विचारतील की मी बोलले तर त्यांना ऐकू जातं का. माहीत नाही, असंच म्हणा. गुंगीचा पंप बंद असेल अशा वेळी सिस्टरना विचारून त्यांना आत न्या, आणि घरात ज्या नावाने हाक मारतात त्या नावाने हाक मारू द्या. डोळ्यांची पापणी हलली, मान वळली, नाडीचा वेग वाढला, काहीही दिसलं तर ते सिस्टरना वेळेसकट लिहून ठेवायला सांगा. सकाळच्या राउंडला ती ओळ मी रिपोर्टच्या आधी वाचतो.